जोडीदाराच्या रकान्यातला माणूस

१२ मार्च

ती. अण्णांना सा. न.

आम्ही सुखरूप पोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथे दिवसभर घंट्या वाजतात आणि मी दिवसभर दार उघडायला उठतो. हिचं काम सुरू झालं. दातांच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी टेबल मिळालंय, पहिल्याच दिवशी हिने सहा कवळ्या हातावेगळ्या केल्या. मला वर्षभर कामाची परवानगी नाही, हे तुम्हाला निघतानाच सांगितलं होतं. हिला नोकरीचा परवाना आणि मी हिचा जोडीदार, म्हणून मला राहायचा परवाना. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आता एक छोटासा घोळ झालाय. काळजी करू नका.

काल माझं कार्ड आलं. फोटो माझा, जन्मतारीख माझी. पण जोडीदाराच्या रकान्यात हिचं नाव नाही. तिथे एका गृहस्थांचं नाव आहे. वय चौऱ्याहत्तर, फेरीबोटीवरचे निवृत्त तिकीट तपासनीस. म्हणजे कागदोपत्री मी हिच्याबरोबर नाही, त्यांच्याबरोबर राहायला आलोय.

लगेच कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंना जबरदस्त सर्दी झाली होती. त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन."

"हे माझे जोडीदार नाहीत."

"नातं संपलं का?"

"सुरूच झालं नव्हतं."

"फॉर्ममध्ये दोनच पर्याय आहेत," त्या म्हणाल्या. "चालू आणि संपलेलं."

मग त्यांनी नाक पुसत समजावून सांगितलं. नातं संपल्याचं लिहून दिलं तर नाव लगेच बदलता येतं. पण नातं संपलं की अठ्ठावीस दिवसांत देश सोडावा लागतो. नाहीतर चौकशीचा अर्ज करायचा, त्याला नऊ महिने लागतात, आणि तोवर नोंदीप्रमाणे राहायचं. मी विचारलं, नोंदीप्रमाणे म्हणजे कसं? त्या म्हणाल्या, "प्रेमाने."

अर्ज केला आहे. ही हसून हसून पलंगावरून पडली. मला अजून हसू आलेलं नाही.

तुमचा,
बाळ

*

३० मार्च

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझं मी. विश्वास बसेना म्हणून मग खालच्या चष्मेवाल्यांकडून वाचून घेतलं. त्यांचा आवाज तुला माहीत आहे. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही आता सगळं ठाऊक आहे. तेव्हा शेजाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न मिटला.

मी म्हणत होतो, आधी लग्न उरका आणि मग जा. तू म्हणालास, "अण्णा, कागदाने काय होतं?" आता बघ कागदाने काय होतं.

मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. चुकीची नोंद म्हणजे काय, मला कोणी शिकवायला नको. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका माणसाची विहीर त्याच्या भावाच्या जमिनीत दाखवली. उन्हात डोळा चुकला, दुसरं काही नाही. पाठचा भाऊ सकाळी नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, विहीर माझी. दुरुस्तीला सहा वर्षं लागली. दुरुस्ती झाली तेव्हा विहीर आटली होती आणि भाऊ बोलेनासे झाले होते. माझी बदली झाली. त्या दोघांकडे जाऊन, चूक माझी होती, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. हे मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला का सांगतोय, कोण जाणे.

तर अर्जाची पोच घे. पोचेवर शिक्का घे. शिक्क्याखाली तारीख आहे का बघ.

राहता राहिले ते गृहस्थ. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. नात्याने माझे जावई लागतात की सून, हे काही मला ठरवता येईना. चष्मेवाले म्हणतात, दोन्ही नको, व्याही म्हणा, म्हणजे कोणालाच राग येणार नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. आशीर्वाद सांगणार होतो, पण वय बघून हात उचलला नाही.

तुझ्या त्या कवळीवाल्या मुलीला म्हणावं, पलंगावरून पडून हसण्यासारखं यात काही नाही.

अण्णा

*

९ मे

ती. अण्णांना सा. न.

तुमचा नमस्कार पोचवला. तपासनीस म्हणाले, "सासरेबुवांना सांग, मुलगा बरा आहे, पण भांडी फार आपटतो." हो, आम्ही आता त्यांच्याच घरी राहतो. झालं असं.

आमच्यासारखाच घोळ तिकडेही झाला होता. तपासनिसांच्या जोडीदार बाई दुसऱ्या देशातून आलेल्या. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, जन्मभर पोहायला शिकवायचं काम केलं. यंदा नूतनीकरणानंतर आलेल्या त्यांच्या कार्डावर जोडीदार म्हणून कोणाचं नाव? हिचं! दोन फायलींची आतली पानं अदलाबदल झाली असणार. आम्ही त्यांचा पत्ता शोधून काढला तेव्हा तपासनीस दारातच म्हणाले, "या. आम्ही वाटच बघत होतो. तुमच्यापैकी माझं कोण?"

तेवढ्यात दोन्ही घरी पत्र आलं, की पाहणी अधिकारी येऊन जोडपी एकत्र राहतात का ते बघणार. आता काय करायचं? मी त्यांच्याकडे गेलो आणि बाई हिच्याकडे आल्या, तर मग आम्ही लग्न न करता वेगळं राहायला इतक्या लांब आलो असं झालं. शेवटी बाईंनीच तोड काढली. धक्क्याजवळ तपासनिसांचं तीन खोल्यांचं घर आहे. चौघं तिथेच राहू, अधिकाऱ्याला ज्याची जोडी ज्याच्याशी लावायची त्याने लावावी.

अधिकारी आला. तरुण होता, सारखा घड्याळ बघत होता. मला विचारलं, "जोडीदाराची एखादी सवय सांगा." मी म्हटलं, डाव्या कानाचं यंत्र बंद करून ठेवतात आणि ऐकू येत नाही म्हणतात. तपासनीस ओरडले, "खोटं आहे!" तेव्हा यंत्र बंदच होतं. अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं.

मग हिला आणि बाईंना बसवलं. तुमच्यात जवळीक आहे याचा काही पुरावा? ही गडबडली. बाईंनी शांतपणे तोंडातून वरचे चार दात काढले, बशीत ठेवले आणि म्हणाल्या, "हे हिने माझ्यासाठी केले." ते खरंच होतं, पंधरा दिवसांपूर्वीच हिने बसवून दिले होते. अधिकारी बराच वेळ बशीकडे बघत राहिला. मग त्याने लिहिलं, "अत्यंत जवळचे संबंध." मी उलट्या बाजूने वाचलं.

बाई मला रोज सकाळी सार्वजनिक तलावावर नेतात. छत्तिसाव्या वर्षी पोहायला शिकतोय. त्या काठावरून ओरडतात, "पाण्याशी भांडू नकोस, ते जिंकतं!" काल पहिल्यांदा काठ सोडला.

बाळ

*

२ जून

चि. बाळास आशीर्वाद.

घराची मापं पाठव. चार माणसं तीन खोल्यांत कशी मावतात ते मला दिसत नाही. दारं कुठे उघडतात तेही लिही.

चष्मेवाल्यांनी दातांचा मजकूर तीनदा वाचायला लावला. आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तुमची खुशाली विचारतं आणि मग डोळे तपासून घेतं.

माझं ठीक आहे. एकट्याचा स्वयंपाक कमी करायला गेलो तर मीठ जास्त होतं, जास्त करायला गेलो तर उरतो. तुझ्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली, अजून अंदाज आला नाही. ते असो.

व्याह्यांना सांग, कानाचं यंत्र बंद ठेवायची कल्पना उत्तम आहे. मी इथे एका समितीवर आहे, तिथे उपयोगी पडेल.

लग्नाचं मनावर घ्या. दोघांनी. म्हणजे तुम्ही दोघांनी. कुठल्या दोघांनी ते आता स्पष्ट लिहावं लागतं.

अण्णा

*

१७ नोव्हेंबर

ती. अण्णांना सा. न.

बरेच दिवस पत्र नाही, रागावू नका. तपासनीस गेले. परवा दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत. धक्क्यावरून बोट सुटली, त्यांनी नेहमीसारखं घड्याळ बघितलं, "चार मिनिटं उशीर" म्हणाले आणि मान खाली घातली. बाईंना वाटलं, डुलकी लागली. त्या पाऊण तास त्यांच्याशी बोलत होत्या.

त्यांना दवाखान्यात नेलं. दवाखान्यातल्या माणसाने फाईल उघडली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. सगळ्या सह्या माझ्याकडून घेतल्या. त्यांचं घड्याळ, चष्मा, कानाचं यंत्र एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. मी ती पिशवी लगेच बाईंना दिली, तर तो म्हणाला, "नातेवाईक नसलेल्यांनी बाहेर थांबावं." त्या बाहेर जाऊन थांबल्या, अण्णा. भांडल्यासुद्धा नाहीत.

आज टपालाने दोन पाकिटं आली. पहिल्यात काळ्या चौकटीचं पत्र. जोडीदार वारल्याबद्दल कचेरीला खेद वाटतो, साठ दिवसांत मी देश सोडावा. दुसऱ्यात चौकशीचा निकाल. चूक कचेरीची होती, दुरुस्ती मंजूर, खाली माझी सही हवी.

सही केली तर सगळं सुरळीत होईल. मी हिचा जोडीदार ठरेन आणि राहीन. पण मग तपासनिसांच्या मागे राहिल्या त्या बाई, असं नोंदीत येईल आणि साठ दिवस त्यांना लागू होतील. तीन वर्षं पुरी झाली असती तर त्यांना कायमचं राहता आलं असतं. पाच महिने कमी पडतात. त्यांच्या देशात आता त्यांचं कोणी नाही. जे होतं ते इथे, आणि तेही कालपासून जमिनीखाली.

बाई म्हणतात, "सही कर. मला पोहता येतं, मी जाईन कुठेही." मी कागद कपाटात ठेवलाय.

बाळ

*

२८ नोव्हेंबर

ती. काकांना नमस्कार.

मी तुम्हाला कधी स्वतंत्र पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या मुलाला न सांगता लिहितेय, आणि तुम्हाला राग येईल असंच लिहितेय.

त्याने बॅग भरलीय. पलंगाखाली ठेवलीय, मला दिसणार नाही असं त्याला वाटतं. सही न करता साठ दिवस संपायच्या आत तो तुमच्याकडे निघून येणार. बाई राहतील, कागदावर माझ्या जोडीदार म्हणून. मला आधी त्याचा भयंकर राग आला. मग वाटलं, याच्या जागी दुसरं काही करणारा असता, तर मी त्याच्याबरोबर आलेच नसते. तरी राग आहेच.

मी कामावरून रजा घेऊन कचेरीत गेले. सर्दीवाल्या बाई म्हणाल्या, माझ्या परवान्यावर जोडीदार एकच बसतो. मी म्हटलं, आणखी कोण बसतं? त्यांनी जाडं पुस्तक काढलं. मुलं, आणि एक वडीलधारी बाई: आई किंवा जोडीदाराची आई. सख्खी किंवा सावत्र.

माझी आई तिकडे खुशाल आहे, माझे बाबा तिला सोडायला तयार होतील असं वाटत नाही.

काका, तुमच्या घरी ती जागा रिकामी आहे.

हे वाक्य मी चार वेळा खोडलं. याहून बरं लिहिता आलं नाही. बाईंना विचारल्याशिवाय तुम्हाला लिहिणं बरोबर नव्हतं, म्हणून काल त्यांना विचारलं. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग बराच वेळ रडल्या. मग तोंड धुऊन आल्या आणि विचारलं, "उंची किती?"

तुम्ही नाही म्हणालात तर मला काही वाटणार नाही. हो म्हणालात तर काय वाटेल ते मला माहीत नाही.

आपली,
कवळीवाली

*

९ डिसेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हे चष्मेवाल्यांकडून वाचून घेतलं नाही.

तीन दिवस मी रागावलो होतो. चौथ्या दिवशी राग कोणावर आहे ते आठवेना. मग उत्तर लिहायला बसलो.

मी सहासष्ट वर्षांचा आहे. उंची पाच फूट साडेपाच इंच, चपला धरून. गुडघा उजवा दुखतो. घोरतो असं म्हणतात, मी ऐकलेलं नाही. पत्नीचा फोटो भिंतीवर आहे आणि तो काढणार नाही. त्यांच्याकडेही तपासनिसांचा असेल, तो त्यांनी काढू नये.

आता मुद्द्याचं. मी खोट्या नोंदीवर सही करणार नाही. आयुष्यात एकदा चुकून केली, तेवढी पुरे. नुसत्या कागदापुरतं लग्न करायचं असेल तर दुसरा म्हातारा बघा. पण खरं करायचं तर माणूस आधी बघावा लागतो, त्यांनाही आणि मलाही. म्हणून मी येतो. पाहुणा म्हणून महिनाभराचा परवाना मिळतो, चौकशी केली आहे. एकमेकांचं पटलं नाही, तर तसं तोंडावर सांगायचं आणि दोघांनीही रडायचं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

बाळाला म्हणावं, बॅग रिकामी कर आणि सही कर. बापावर भरवसा ठेवून कर. त्याला कधी नव्हे ते सांगतोय: तू बरोबर वागत होतास, फक्त गणित कच्चं होतं.

मुलाच्या आधी बापाचं लग्न, असं ऐकायची वेळ आली तर ती तुम्हा दोघांच्या आळसामुळे. हे लक्षात असू द्या.

अण्णा

*

८ जानेवारी

प्रिय चष्मेवाले,

स. न. वि. वि.

तुम्ही किल्ली सांभाळताय, तेव्हा खबर मिळायचा पहिला हक्क तुमचा. दुकानात वाचा, हरकत नाही.

मी पोचलो त्या दिवशी बाईंनी दारात मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "चपला धरून बरोबर आहे."

पहिला आठवडा बरा गेला. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी नाही, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती. त्या सकाळी पोहायला जात, मी काठावर बसून बघत असे. मग माझी खोड आडवी आली. तलावावर पाटी आहे: लांबी पंचवीस मीटर. मला बघूनच शंका आली. फीत माझ्या सामानात होतीच. मोजलं तर चोवीस मीटर सत्तर सेंटिमीटर भरलं. बाई अडीच वर्षं रोज वीस येरझाऱ्या घालतात आणि वहीत अंतर लिहून ठेवतात. मी हिशेब करून दाखवला की त्या आजवर जवळपास अकरा किलोमीटर कमी पोहल्या आहेत.

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तशा आधीही बोलत नव्हत्या, पण हे न बोलणं निराळं होतं. सूनबाई म्हणाली, "काका, तुम्हाला मोजायला दुसरं काही सापडलं नाही?" मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई एकट्याच गेल्या. मी चहा ठेवला, पण गाळला नाही. त्या आल्या, भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन कप काढले. वही आणून माझ्यापुढे टाकली. मागची सगळी पानं स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. अकरा किलोमीटर खरेच वजा केले होते. चष्मेवाले, चौतीस वर्षांत स्वतःचं नुकसान करून घेऊन नोंद दुरुस्त करणारा माणूस मला भेटला नव्हता. मी स्वतःही नव्हतो तसा.

मुलाने सही केली, तेव्हा ते साठ दिवस आता बाईंचे; काल त्यांतले नऊ उरले होते. चौघं कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तुमचं नातं खरं आहे का?" मुलगा भाषांतर करत होता. तो मला हळूच म्हणाला, "अण्णा, नुसतं हो म्हणा."

मी म्हटलं, "सांग त्यांना, आम्ही अठरा दिवस एकमेकांना ओळखतो. मला या बाईंबद्दल आदर आहे. त्यापुढचं अजून ठरलेलं नाही."

मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि जसंच्या तसं सांगितलं. खिडकीवरच्या बाई आमच्या बाईंकडे वळल्या. "आणि तुमचं?"

त्या म्हणाल्या, "माझंही अजून ठरलेलं नाही."

खिडकीवरच्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग लिहिलं: "दोघांचं एकमत आहे." आणि शिक्का मारला. शेजारच्या खिडकीवर लग्नाची नोंद झाली, पुढच्या खिडकीवर त्या माझ्या मुलाची आई झाल्या, त्याच्या पुढच्या खिडकीवर सूनबाईच्या परवान्यावर वडीलधाऱ्या. चाळीस मिनिटं लागली.

बाहेर आलो. तुमच्या वहिनींची आठवण येत होती. मी एकटाच पुढे निघालो, भराभर, रस्ता ओलांडून. मागून हाक आली.

"अहो!"

सूनबाईने शिकवलं होतं म्हणे. कोणाचं लक्ष वेधायचं असलं की काय म्हणतात, असं बाईंनी विचारलं, तिने हे सांगितलं. अर्धवटच सांगितलं.

अकरा वर्षांत मला तशी कोणी हाक मारलेली नाही. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. गाड्या थांबल्या, भोंगे वाजले, एक माणूस काचेतून डोकं काढून काहीतरी ओरडला. बाई फुटपाथवर उभ्या होत्या. हात हलवून दाखवत होत्या, की घर दुसऱ्या बाजूला आहे.

मी परत फिरलो.

आपला,
अण्णा